माहुलचे तेल आणि तुर्भ्याचा अणू

मुंबई बंदरातून घारापुरीच्या लेण्यांकडे बोटीने जाऊ लागले म्हणजे डाव्या हातास एक लांबट टेकडी दृष्टीस पडते. हीच तुर्भ्याची टेकडी. इंग्रजी कागदपत्रांतून हिचे नाव ट्रॉम्बे असे रूढ झाले. टेकडीच्या पश्चिम पायथ्याशी, खाडीच्या काठाने, माहुल गाव वसले आहे. कोळ्यांची वस्ती, तिवरांचे रान, पलीकडे मिठागरे आणि ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी चिखलाची विस्तीर्ण पुळण, असे या गावचे जुने रूप होते. चिखलात चरण्यासाठी येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या रांगा तेथे आजही पाहावयास मिळतात. त्याच टेकडीच्या पूर्व पायथ्याशी, घारापुरीकडे तोंड करून, भाभा अणुसंशोधन केंद्राचे घुमट उभे आहेत.

एकाच टेकडीच्या दोन अंगांस, आणि तेही दोन-तीन वर्षांच्या अंतराने, गेल्या शतकातील दोन मोठ्या शक्तींनी आपले बिऱ्हाड थाटले. माहुलच्या बाजूस १९५४ आणि १९५५ साली खनिज तेल शुद्ध करण्याचे दोन कारखाने सुरू झाले. पलीकडच्या अंगास १९५६ साली देशातील पहिली अणुभट्टी पेटली. पुढे तेल महाग झाले, दुर्मिळ झाले, तेव्हा टेकडीपलीकडचा अणू टेकडीअलीकडच्या तेलाचे ओझे हलके करील, अशी आशा सुशिक्षितांच्या मनात उत्पन्न झाली. ती आशा कितपत फळास आली, आणि जेवढी आली तेवढी कशामुळे आली, हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

तेलाचा संसार समजून घ्यावयाचा तर घासलेटाच्या डब्यापासून आरंभ करावा लागतो. विजेचा दिवा घरोघर पोहोचण्यापूर्वी महाराष्ट्रातील रात्र कंदिलाच्या उजेडात सरत असे, आणि तो कंदील बहुतांशी परदेशी तेलावर जळत असे. अमेरिका, रशिया, ब्रह्मदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेले घासलेट चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून खेड्यापाड्यांत जाई. तेल संपले तरी डबा संपत नसे. त्यात पाणी भरावे, धान्य साठवावे, आणि अगदीच गंजला तर माती घालून तुळस लावावी, असा त्याचा उपयोग. स्वदेशात तेल निघतच नव्हते असे नाही. आसामात दिग्बोई येथे १९०१ साली तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला होता. परंतु त्याचे उत्पन्न देशाच्या भुकेपुढे फार थोडे होते. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला, तेव्हा घासलेटासाठी रांगा लागल्या आणि शिधापत्रिका आल्या. दिव्यातील तेल दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, याचा धडा शहरातील गृहिणींना त्या काळी मिळाला.

स्वातंत्र्यानंतर हा परावलंबीपणा ताबडतोब दूर होण्यासारखा नव्हता. १९५१ साली इराणने आपल्या तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. आबादानचा प्रचंड कारखाना बंद पडला आणि पूर्वेकडील देशांना होणारा तयार तेलाचा पुरवठा विस्कळित झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारने स्टँडर्ड-व्हॅक्युम आणि बर्मा-शेल या दोन परदेशी कंपन्यांशी करार केले आणि मुंबईस शुद्धीकरणाचे कारखाने उभारण्याचे ठरले. जागा निवडली गेली ती माहुलची. खोल पाण्याचे बंदर जवळ, शहराची दाट वस्ती त्या काळी दूर, आणि जमीन मोकळी, अशी ही जागा होती. स्टँडर्ड-व्हॅक्युमचा कारखाना १९५४ साली आणि बर्मा-शेलचा १९५५ च्या जानेवारीत चालू झाला. बंदरातील बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर, तेलवाहू जहाजे लागू लागली. तेथून समुद्राच्या तळाशी घातलेल्या नळांतून कच्चे तेल टेकडीच्या पायथ्याशी येऊ लागले.

ही प्रगती खरीच होती. पूर्वी तयार घासलेट आणि पेट्रोल विकत घ्यावे लागे; आता कच्चे तेल आणून येथेच शुद्ध करता येऊ लागले, त्यामुळे परदेशी चलन वाचले आणि कारागिरीही आली. परंतु करारातील एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कच्चे तेल कोठून आणावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कंपन्यांकडे होता, आणि २५ वर्षे कारखाने ताब्यात न घेण्याची हमीही सरकारने दिली होती. त्याचा परिणाम १९६० साली दिसून आला. सोव्हिएट रशियाने स्वस्त दराने आणि रुपयांत कच्चे तेल देऊ केले. तेलखात्याचे मंत्री केशवदेव मालवीय ते घेण्यास उत्सुक होते. परंतु कंपन्यांनी ते तेल आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्याचे नाकारले. जमीन आपली, मजूर आपले, धूरही आपल्याच आकाशात जाणारा. परंतु चुलीत कोणते लाकूड घालावे हे मात्र घरच्या माणसास ठरविता येईना. या रस्सीखेचीत कंपन्यांना आपले दर थोडे उतरवावे लागले हा लाभ झाला. पण मूळ दुखणे उघडे पडले ते पडलेच.

आता टेकडीची दुसरी बाजू पाहू. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी टाटा विश्वस्त निधीला एक पत्र लिहिले होते. अणुशक्तीपासून वीज निर्माण करण्याचा काळ वीसएक वर्षांत येईल. त्या वेळी तज्ज्ञांसाठी भारताला परदेशांकडे पाहावे लागू नये, ते घरीच तयार असावेत, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमाचा स्फोट तोवर झालेला नव्हता, आणि अणूचे नाव सामान्य माणसाच्या कानीही नव्हते. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, १९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला, आणि १९५४ साली तुर्भ्यास अणुशक्ती संशोधनाचे ठाणे उभे राहू लागले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील पहिली अणुभट्टी चालू झाली. पाण्याच्या खोल हौदात तळाशी इंधन ठेवलेले आणि त्यातून निळसर तेज फाकलेले, असे तिचे रूप. पंडित नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ हे नाव दिले. इंधन इंग्लंडहून आलेले होते. परंतु तिची रचना आणि उभारणी येथील शास्त्रज्ञांनी केली होती. सोव्हिएट रशिया सोडता आशिया खंडातील ही पहिली अणुभट्टी होय. चार वर्षांनी, १९६० साली, कॅनडाच्या साहाय्याने ४० मेगावॅट औष्णिक शक्तीची सायरस ही दुसरी भट्टी आली.

या भट्ट्या संशोधनासाठी होत्या. त्यांतून दिवे लागत नव्हते. वीज निर्माण करण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, तारापूरची निवड झाली. त्या वेळी भाभांनी मांडलेला हिशेब तेलाचा नव्हता, कोळशाचा होता. कोळशाच्या खाणी बिहार-बंगालकडे आणि कारखाने मुंबईकडे. मालगाड्या भरभरून कोळसा शेकडो कोस ओढत आणण्यापेक्षा पश्चिम किनाऱ्यावर अणूची वीज परवडेल, असे त्यांचे म्हणणे होते. १९६४ साली अमेरिकन कंपनीशी करार झाला. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या दोन्ही संचांतून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. प्रत्येक संच २१० मेगावॅटचा होता. हे पाहण्यास भाभा मात्र राहिले नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान-अपघातात त्यांचा अंत झाला होता.

तेल आणि अणू या दोन वाटा एकमेकींस प्रथम भेटल्या त्या १९७३-७४ साली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. पिंपास तीन डॉलरच्या घरात असलेले तेल काही महिन्यांत अकरा-बारा डॉलरांवर गेले. जगभर एकच विचार सुरू झाला की, तेलावाचून कसे भागवावे. भारताने १९७४ साली एस्सोचा, म्हणजे मूळ स्टँडर्ड-व्हॅक्युमचा, आणि १९७६ साली बर्मा-शेलचा कारभार आपल्या हाती घेतला. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम ही आजची नावे त्यातून आली. १९७४ सालीच मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल सापडले आणि १९७६ पासून ते निघू लागले. माहुलच्या कारखान्यांस प्रथमच घरच्या समुद्रातील तेल मिळाले. निदान तेलाच्या बाबतीत तरी चुलीत कोणते लाकूड घालावयाचे हे घरच्या माणसाच्या हाती आले.

अणूच्या बाबतीत त्याच वर्षी उलटे घडले. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे अणुस्फोट झाला. कॅनडाने राजस्थानातील अणुवीजघराच्या कामातून अंग काढून घेतले. अमेरिकेने तारापूरचे इंधन प्रथम रेंगाळविले आणि मग बंदच केले. तारापूरला लागणारे समृद्ध युरेनियम करारान्वये अमेरिकेकडूनच घ्यावयाचे होते. सुटे भागही तिकडूनच. १९८०च्या दशकात फ्रान्सने ते इंधन पुरविले तेव्हा पेच सुटला. १९६० साली माहुलला जे अनुभवास आले, तेच वेगळ्या वेषात तारापूरला अनुभवास आले. परक्याच्या तेलास परक्याचे युरेनियम हा उपाय होऊ शकत नाही, हे यावरून स्पष्ट झाले. तेव्हापासून नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालणाऱ्या, स्वदेशात घडविता येणाऱ्या भट्ट्यांवर सारा भर देण्यात आला. त्यांना लागणारे जड पाणी तयार करणारा एक कारखाना तुर्भ्याच्या समोर, बंदराच्या पलीकडे, अलिबागजवळ थळ येथे १९८७ साली सुरू झाला.

याच सुमारास फ्रान्सने जे केले ते तुलनेसाठी पाहण्याजोगे आहे. त्या देशात वीजघरे मोठ्या प्रमाणावर तेल जाळीत. १९७४ साली तेथील सरकारने अणुवीजघरांची मालिकाच हाती घेतली, आणि दहा-पंधरा वर्षांत विजेसाठी जळणारे तेल जवळजवळ नाहीसे केले. भारताची स्थिती निराळी होती. येथील वीज मुख्यतः कोळशावर आणि धरणांच्या पाण्यावर निर्माण होत असे. तेल जात होते ते मोटारींत, मालगाड्यांच्या इंजिनांत, शेतीच्या पंपांत आणि गरिबांच्या स्टोव्हांत. तेव्हा अणुवीजघर उभारले म्हणजे आपोआप तेल वाचले, असा सरळ हिशेब येथे लागू पडत नव्हता. वीज प्रथम विपुल, नियमित आणि स्वस्त व्हावयास हवी. नंतर ती चाकापर्यंत आणि चुलीपर्यंत पोहोचावयास हवी. तेव्हा कोठे तेल वाचावयाचे. आणि यातील पहिल्याच पायरीवर आपले पाऊल अडखळले.

वीजघराच्या कर्तबगारीचे एक माप आहे, त्यास भारांक म्हणतात. एखादा संच वर्षभर पूर्ण शक्तीने चालता तर जेवढी वीज झाली असती, त्यापैकी प्रत्यक्ष किती झाली, याचे शेकडा प्रमाण म्हणजे भारांक. कोळशाच्या वीजघरात खर्चाचा मोठा भाग इंधनाचा असतो. संच बंद असला तर कोळसा तरी वाचतो. अणुवीजघरात पैसा ओतला जातो तो मुख्यतः उभारणीत. इंधनाचा खर्च त्या मानाने थोडा. म्हणून अणुभट्टी बंद ठेवणे म्हणजे कर्ज काढून घेतलेला बैल गोठ्यात बांधून ठेवण्यासारखे होय. व्याज चालूच राहते, शेत मात्र पडीक.

आपले बैल बरीच वर्षे गोठ्यात राहिले. तारापूरच्या संचांतील बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या. ती वेगळी काढावी लागली आणि २१० मेगावॅटचे संच १६० वर उतरविण्यात आले. राजस्थानातील पहिला संच दुरुस्त्यांत अडकला. मद्रासजवळ कल्पाक्कम येथील भट्ट्यांच्या आत जड पाणी सोडणारे भाग १९८९ साली मोडले. भट्टीच्या पोटात माणूस शिरू शकत नाही, त्यामुळे दोन्ही संच निकालात काढावे लागतात की काय, अशी धास्ती उत्पन्न झाली. तुर्भ्यासही १९८५ साली सुरू झालेली ध्रुव ही मोठी संशोधन-भट्टी इंधनकांड्यांच्या कंपनामुळे पूर्ण शक्तीवर नेता येईना. ३१ मार्च १९९३ रोजी नरोरा येथे जनित्राच्या चक्राची पाती तुटून मोठी आग लागली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. परंतु संच दीर्घकाळ बंद राहिला. १९९५-९६ साली देशातील अणुवीजघरांचा सरासरी भारांक अवघा ६० होता.

यानंतरची सात वर्षे या इतिहासातील सर्वांत अभिमानास्पद, आणि सर्वांत कमी गाजलेली, वर्षे होत. पायाभरणीचे समारंभ वर्तमानपत्रांत छापून येतात. नळ्या बदलल्याची वार्ता कोणी छापीत नाही. परंतु या काळात जे झाले ते नळ्या बदलूनच झाले. ध्रुवची कंपने तुर्भ्याच्या अभियंत्यांनी आधीच शमविली होती; १९८८ साली ती पूर्ण शक्तीवर गेली. राजस्थानच्या दुसऱ्या संचात इंधन वाहणाऱ्या शेकडो नलिका जुन्या धातूच्या होत्या. त्या एकूण एक काढून झिर्कोनियम आणि निओबियम यांच्या अधिक टिकाऊ मिश्रधातूच्या नलिका बसविण्यात आल्या. भट्टीच्या अंतर्भागात दूर अंतरावरून शिरून नलिकांची प्रकृती तपासणारी यंत्रे तुर्भ्यास तयार झाली. कल्पाक्कमच्या मोडलेल्या भागांवर तेथेच तोडगा शोधण्यात आला. प्रथम थोड्या शक्तीवर आणि पुढे नलिका बदलताना पूर्ण शक्तीवर ते संच पुन्हा उभे राहिले. ध्रुवच्या रचनेत आणि कल्पाक्कमच्या या कामात अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयाचे हे विद्यार्थी पुढे अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झाले. नरोराच्या आगीनंतर इतरत्रच्या चक्रांची पाती नव्या घडणीची करण्यात आली. संच केव्हा थांबवावयाचा, थांबल्यावर कोणते काम कोणी किती तासांत करावयाचे, याची कोष्टके आखण्यात आली.

फळ दिसण्यास वेळ लागला नाही. सरासरी भारांक वर्षास चार-पाच अंकांनी चढत २००१-०२ साली ८५ वर आणि २००२-०३ साली ९० वर गेला. याचा अर्थ सोप्या हिशेबाने समजून घ्यावा. दोन हजार मेगावॅटच्या वीजघरांचा भारांक ६० वरून ९० होणे म्हणजे सहाशे मेगावॅट वीज अखंड अधिक मिळणे. तेवढी वीज नव्याने मिळवावयाची तर २२० मेगावॅटच्या तीन भट्ट्या बांधाव्या लागल्या असत्या. त्यांसाठी जमीन घ्यावी लागली असती आणि गावे उठवावी लागली असती. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठलीच. त्या कोळ्या-शेतकऱ्यांना विचारले तर न बांधलेल्या भट्टीचे मोल ते नेमके सांगतील.

परंतु नशिबाने पुन्हा एक हिसका दिला. भट्ट्या सुधारल्या आणि युरेनियम संपत आले. देशातील खाणी मागणीस पुऱ्या पडेनात. उत्तम स्थितीत असलेले संच मुद्दाम अर्ध्या शक्तीवर चालवावे लागले, आणि २००८-०९ साली भारांक ५० वर घसरला. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार राष्ट्रांनी भारतावरील बंधन उठविले. परदेशी युरेनियम येऊ लागले आणि २०१२-१३ साली भारांक पुन्हा ८० झाला. येथे कोणी विचारील की, तेलाची आयात सोडून युरेनियमची आयात धरली, यात काय मिळविले? प्रश्न रास्त आहे. उत्तर परिमाणात आहे. २२० मेगावॅटचा स्वदेशी पद्धतीचा एक संच वर्षभर चांगला चालविण्यास साधारणपणे ३५ टन युरेनियम लागते. तेवढीच वीज तेल जाळून करावयाची तर साडेतीन ते चार लाख टन तेल लागेल. पहिली वस्तू दोन-चार मालमोटारींतून येईल आणि एका कोठारात दोन-तीन वर्षांची बेगमी करून ठेवता येईल. दुसरीसाठी जवाहर द्वीपास तेलवाहू जहाजांची रांग लावावी लागेल. परावलंबन दोन्हींकडे आहे. परंतु सहा महिन्यांत गुडघे टेकावे लागतील असे परावलंबन आणि चार वर्षे सावरण्यास सवड देणारे परावलंबन यांत फार अंतर आहे.

कर्तबगारीचा कळस झाला तो कारवारजवळच्या कैगा येथे. तेथील पहिला संच १३ मे २०१६ रोजी सुरू झाला तो ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे ९६२ दिवस, एकदाही न थांबता चालला. तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता. अशा भट्टीत चालू स्थितीतच इंधन बदलता येते, ही तिची सोय. पण ९६२ दिवस एकही झडप न अडकू देणे, एकही नळी न गळू देणे, हे सोयीचे फळ नसून सेवेचे फळ आहे. तारापूरचे मूळ दोन संचही पन्नास वर्षे वीज देऊन २०२० साली नूतनीकरणासाठी थांबविण्यात आले. अमेरिकेने इंधन तोडल्यावर ज्यांचे आयुष्य संपले असे वाटले होते, ते अर्धे शतक टिकले.

मग तेलाचे ओझे कमी झाले काय? खरे उत्तर कडू आहे. देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक आजही बाहेरून येते. मुंबईच्या समुद्रातील तेलाने काही वर्षे हा भार अर्ध्याहून खाली आणला होता. पण मागणी वाढत गेली आणि ते पुरेनासे झाले. अणूची वीज देशाच्या एकूण विजेत शेकडा तीनच्या आसपास आहे. एवढ्या अल्प वाट्याने तेलाचा डोंगर हलणार नाही. तथापि जेथे विजेने चाक धरले तेथे तेल सुटले, हे मात्र निर्विवाद आहे. मुंबईने याचा धडा सर्वांआधी घालून दिला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्यास विजेची पहिली आगगाडी धावली, आणि आज लक्षावधी माणसे तेलाचा थेंब न जाळता रोज कामावर जातात. पुढे रेल्वेचे मोठ्या रुळांचे बहुतेक सारे मार्ग विजेचे झाले आणि डिझेलची इंजिने मागे पडली. आता रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या आल्या आहेत. या चाकांस वीज कोळशाची मिळाली तर धूर फक्त जागा बदलील. अणूची, पाण्याची, वाऱ्याची, सूर्याची मिळाली तर तेलही वाचेल आणि धूरही.

धुराचा विषय निघाला म्हणजे पुन्हा माहुलकडे वळणे भाग आहे. कारखाने आले तेव्हा हे गाव शहराबाहेर होते. आज शहर त्याच्या चारी बाजूंस आहे. शुद्धीकरणाचे कारखाने, रसायनांच्या टाक्या, खतांचा कारखाना, औष्णिक वीजघर, असा गराडा त्यास पडला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली, माहुल आणि आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे, असे नमूद केले. तरीही तानसा जलवाहिनीच्या कडेने राहणारी, घरे मोडलेली कुटुंबे याच गावच्या इमारतींत वसविण्यात आली. त्यांनी दीर्घ लढा दिला. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने, यापुढे कोणासही तेथे सक्तीने धाडू नये, असा निर्णय दिला. शहराच्या मोटारी आणि शहराचे स्टोव्ह ज्या तेलावर चालले, त्याची किंमत पंपावरच्या आकड्यांत पुरी लिहिलेली नव्हती. बाकीची किंमत माहुलच्या कोळ्याने खाडीत आणि या कुटुंबांनी श्वासात भरली. अणूच्या हिशेबातही अशी एक बाकी आहे. वापरलेले इंधन हजारो वर्षे राखावे लागते, आणि ती राखण पुढच्या पिढ्यांच्या खात्यावर मांडलेली आहे. जो हिशेब करावयाचा तो दोन्ही वह्या उघड्या ठेवून करावा.

आता पुन्हा मोठमोठे संकल्प ऐकू येत आहेत. २०४७ पर्यंत अणुविजेची क्षमता एक लाख मेगावॅट करण्याचे उद्दिष्ट सरकारने २०२५ साली जाहीर केले आहे. कोकणात जैतापूर येथे सहा प्रचंड संचांचा प्रकल्प २०१० पासून चर्चेत आहे. संकल्प मोठे असणे वाईट नाही. परंतु तुर्भ्याच्या टेकडीचा सत्तर वर्षांचा इतिहास एक साधी गोष्ट सांगतो. नव्या भट्टीच्या पायाभरणीने जेवढे मिळाले, त्याहून अधिक जुन्या भट्टीची नळी वेळेवर बदलल्याने मिळाले. आणि जे मिळाले ते तेलाच्या कामी आले ते केवळ तेथेच, जेथे कोणी आधी तारा ओढून ठेवल्या होत्या.

संध्याकाळी भरती येते तेव्हा माहुलच्या चिखलावरून रोहित पक्षी उठतात आणि टेकडीवर दिवे लागतात. एका अंगास कारखान्यांच्या धुराड्यांवरचे, दुसऱ्या अंगास अणुकेंद्राचे. दोन्हींकडे रात्रपाळीची माणसे आपापल्या जागी उभी असतात. देशाचे तेल किती वाचेल, याचा निर्णय दिल्लीतील घोषणांत जेवढा होतो, तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, त्या रात्रपाळीच्या माणसाने झडप नीट पाहिली की नाही, यावर होतो.